त्या दिवशीचा अंगठा

सगळी वीटभट्टी माझ्या नणंदेला मॅडम म्हणायची. बँकेत लागली होती म्हणून नाही, लागायची होती म्हणून. मुकादमानं चिडवायला ठेवलेलं नाव, ते चिकटलं. सासूबाईसुद्धा कधी विसरून 'मॅडम, चहा घे' म्हणायच्या आणि मग स्वतःच हसायच्या.

मॅडम बाहेरून बी.ए. झालेली. बँकेची परीक्षा दरवर्षी द्यायची. आधी एक छोटी परीक्षा असते, ती पास झाली की मोठी. छोटीत ती नेहमी पास व्हायची आणि मोठीत थोडक्यात जायची. थोडक्यात म्हणजे किती, ते ती दशांशात सांगायची. मला दशांश कळत नाहीत, पण तिचं तोंड कळायचं. यंदाची खेप शेवटची होती. पुढच्या जाहिरातीला तिचं वय बसणार नव्हतं.

घरात एक नियम होता, मॅडमनं चिखलात हात घालायचा नाही. नियम आमच्या ह्यांचा, म्हणजे तिच्या भावाचा. सासरे गेल्यावर घर ह्यांच्यावरच आलं. 'या घरातलं एक माणूस तरी कोरडं राहू दे,' असं म्हणाले होते. मला सुरुवातीला राग यायचा, खोटं कशाला बोलू? मी उजाडल्यापासून उकिडवी बसून विटा पाडायची आणि ही खोपीच्या सावलीत पुस्तक घेऊन. पण नंतर कळलं की तीही काही सुखात नव्हती. मोबाइलवर घड्याळ लावून गणितं सोडवायची. घड्याळ वाजलं आणि गणितं उरली की स्वतःच्या मांडीवर बुक्की मारायची.

पुस्तकातली कोडी ती मला वाचून दाखवायची.

'वहिनी, आठ माणसं गोल टेबलाभोवती बसलीत. क च्या डावीकडे तिसरा ग आहे. ग आणि च शेजारी बसत नाहीत.'

'का, भांडण झालंय?'

'ते दिलेलं नाही.'

'मग बसू दे ना ज्याला जिथं बसायचं तिथं. जेवायला वाढलंय का?'

मग ती आठ विटा गोल मांडायची, प्रत्येक विटेवर कोळशानं अक्षर काढायची आणि मला समजावायची. मला काही समजायचं नाही. एकदा मी चुलीला टेकू कमी पडला म्हणून क ला उचलून लावला. संध्याकाळपर्यंत ती क ला शोधत होती.

छोटी परीक्षा झाली तेव्हा भट्टी बंद होती. पावसाळ्यात वीट वाळत नाही, त्यामुळे सगळ्यांचेच हात जरा माणसासारखे झालेले. तिथं मशीनवर अंगठा घेतात, आत जाणारा माणूस तोच आहे हे कळायला. मॅडमनं अंगठा ठेवला आणि मशीन लगेच वाजलं. ती पास झाली. मोठी परीक्षा पुढं होती आणि यंदा तिचा अभ्यास पुरा झालेला. मीच तिला कोडी विचारायची आणि माझा प्रश्न संपायच्या आत ती उत्तर द्यायची.

आणि मग अवकाळी पाऊस आला.

कच्च्या विटा मैदानभर वाळत घातलेल्या. दुपारी आभाळ भरलं, आम्ही प्लास्टिक घेऊन धावलो, पण वाऱ्यानं प्लास्टिक आमच्या हातातून ओढून नेलं. हे एका टोकाला लटकले तर त्यांनाच फरफटत नेलं. पाऊस थांबला तेव्हा विटांच्या रांगांच्या जागी चिखलाचे वरंबे उरले होते. ज्या चिखलातून विटा काढल्या तोच चिखल परत झाला. सासूबाई तिथंच मटकन बसल्या.

मुकादम सकाळी आला. छत्री बगलेत, पायांत बूट. सगळीकडं फिरून बघितलं.

'भट्टी ठरल्या दिवशी लागली पाहिजे,' तो म्हणाला. 'मालकांचं घरचं गिऱ्हाईक आहे. तुमच्यानं होत नसेल तर तसं सांगा. दुसरी माणसं तयार आहेत.'

'दुसरी माणसं आली तर आम्ही कुठं जायचं?' ह्यांनी विचारलं. काम गेलं की खोपीही जायची.

'ते मी कसं सांगू? तुम्ही चौघं आहात की घरात. का चौथीला चिखल चावतो?'

 मॅडमनं पुस्तक मिटलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, पिशवी खोपीच्या खुंटीला अडकवली आणि कोपऱ्यातला जुना साचा उचलून पाण्यात बुडवला. 'थोड्याच दिवसांचं तर आहे,' ती म्हणाली.

वीट पाडायची म्हणजे काय, तर चिखलाचा गोळा उचलायचा, वाळूत लोळवायचा, साच्यात आपटायचा, चारही कोपरे अंगठ्यानं दाबायचे, वरचा जादा चिखल हातानं कापायचा आणि साचा उपडा करायचा. कोपरा नीट दाबला नाही तर वीट बोडकी निघते आणि मुकादम ती मोजत नाही. चिखल मऊ असतो, पण वाळू अंगठ्याला खाते. सवयीच्या माणसाला ते कळत नाही. मॅडमचे हात बिनसवयीचे. पहिल्या दिवशी फोड आले, मग फोड फुटले, आणि त्या जागी चिखल असा भरला की धुतला तरी निघेना.

पाठीत बाक आला, ताठ उभी राहिली की कळ यायची. तरी तोंडानं चालूच. मी तिच्या शेजारच्या रांगेत. 'विचार,' ती म्हणायची. मी आठवेल ते विचारायची. वर्ग, घन, कुठल्या टक्क्याचा कुठला अपूर्णांक. तिचं उत्तर बरोबर की चूक, हे मला कुठं कळत होतं? मी आपली 'बरोबर' म्हणायची. अंधार पडला की ती खोपीतल्या बल्बखाली बसायची आणि पुस्तकावर डोकं टेकून झोपायची. सकाळी गालावर पानाची कड उमटलेली असायची. तिला तसं बघून मला माझ्या जुन्या रागाची लाज वाटायची.

विटा पुऱ्या झाल्या आणि मोठ्या परीक्षेचा दिवस उद्यावर आला.

सासूबाईंची एक गोष्ट सांगायला पाहिजे. त्यांना सही येत नाही. एकदा बँकेत अंगठा द्यायला गेल्या होत्या, मीही बरोबर होते. काचेमागच्या बाईनं त्यांचा अंगठा बघितला आणि कागदाच्या तुकड्यानं धरून बाजूला केला. 'आजी, हात धुऊन या. मशीन घाण होतं.' रांगेतले लोक हसले. सासूबाई बाहेरच्या नळावर जाऊन हात धुऊन आल्या आणि परत रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. ते त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

भट्टीत जास्त भाजलेली वीट काळी पडते, वितळून दगडासारखी होते. तिला खंगर म्हणतात. बांधकामाला ती कुणी घेत नाही. आम्ही तिचा तुकडा हातपाय घासायला ठेवतो, कुणाच्या घरी जायचं असलं की आमच्या बायका आधी खंगर शोधतात. त्या संध्याकाळी सासूबाईंनी मॅडमला धुण्याच्या दगडापाशी बसवलं, गरम पाण्यात तिचे हात भिजवले आणि घासायला घेतले. तळवे, बोटांच्या पेरांतल्या भेगा, आणि सगळ्यांत जास्त अंगठे.

'आई, दुखतंय.'

'दुखू दे. बँकवाल्यांना चिखलाचा अंगठा चालत नाही. मी बघून आलेय.'

'पुरे की आता.'

'थांब गं. अजून रेघांत काळं आहे.'

रेघांतलं काळं जाईपर्यंत त्यांनी घासलं. मग खोबरेल लावलं. मॅडमचे हात गुलाबी, चकचकीत झाले. सासूबाईंनी ते बल्बखाली धरले.

'बघ गं सूनबाई, आता वाटते की नाही बँकवाली?'

'वाटते,' मी म्हटलं. खरंच वाटत होती.

परीक्षेला मी बरोबर गेले. फाटकाच्या आत शेडखाली टेबल होतं, त्यावर मशीन. मी गजांमधून बघत होते. मॅडमनं अंगठा ठेवला, लाल दिवा लागला. मशीनवाल्यानं अंगठा पुसायला सांगितला. परत लाल.

'जोरात दाबा.'

तिनं दाबला.

'एवढं नाही. हलकं ठेवा. केसांवर घासून ठेवा.'

तिनं केसांवर घासला, फुंकर मारली, दुसऱ्या हाताचा ठेवला. लालच. मशीनवाल्यानं तिचा अंगठा उलटा करून बघितला.

'रेषाच नाहीत तुमच्या अंगठ्याला. काय काम करता?'

'अभ्यास,' मॅडम म्हणाली.

मागच्या मुली चुळबुळ करायला लागल्या. त्यानं मॅडमला बाजूला उभं केलं. एकेक मुलगी अंगठा ठेवून आत जात होती, मशीन टिकटिक वाजत होतं, आणि ही भिंतीला पाठ लावून हात अंगाशी धरून उभी.  सगळ्या आत गेल्यावर त्यानं तिला परत बोलावलं. बऱ्याच खटपटीनंतर मशीन एकदाचं वाजलं.

'घेतला बाबा,' तो म्हणाला. 'काय घेतला त्यालाच माहीत.' एका कागदावर सही घेतली आणि तिला आत सोडलं.

पेपर सुटल्यावर ती बाहेर आली तेव्हा मला तोंड बघूनच कळलं.

'वहिनी, सगळी माणसं बसली,' ती म्हणाली. 'एकही उभा राहिला नाही.'

बसमध्ये तिनं अंगठा मुठीत दाबून धरला होता. उतरायच्या आधी म्हणाली, 'अंगठ्याचं आईला सांगू नको. मशीन खराब होतं म्हणू.' मी नाही सांगितलं.

निकाल लागला. मॅडम पास झाली. मोबाइलवर तिनं तीन-चारदा नंबर बघितला, मग ह्यांना दाखवला, मग मला. सासूबाईंनी मोबाइल हातात घेऊन काचेवरूनच हात फिरवला. मुकादमानं स्वतःची खुर्ची आणून दिली आणि म्हणाला, 'बसा मॅडम, सवय करा.' मॅडम बसली. हे भट्टीच्या मागं गेले आणि बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा डोळे लाल. धूर गेला म्हणाले. पहिली भट्टी कधीच विझलेली, पुढची अजून पेटवायची होती.

आता एवढंच उरलं होतं, कागदपत्रांची तपासणी. तिथं परत अंगठा घेणार आणि आधीच्यांशी जुळवणार, असं कळवलेलं. मॅडमनं ते मला आणि ह्यांना वाचून दाखवलं. सासूबाईंना इतकंच सांगितलं की हातांना आराम पाहिजे.

मग आमच्या घरात अंगठा उगवायची वाट बघणं सुरू झालं. हसायला येतं आता, पण तेव्हा तेच काम होतं. भांडी मी, पाणी सासूबाई, तिच्या वाटणीचा चिखल हे तुडवायचे. तिला चुलीतलं लाकूडसुद्धा पुढं सारू द्यायचो नाही. तिच्या हातांना दोन वेळा तेल आणि वरून ह्यांचे जुने मोजे.

'मॅडमच्या हातांना थंडी वाजते का?' मुकादम विचारायचा.

'तुम्हाला काय करायचंय? खुर्ची परत पाहिजे का?' मी म्हणायची.

ती मोजे घालून उन्हात बसून राहायची. रिकामं बसायची तिला सवय नव्हती. मग एके दिवशी सकाळी तिनं मोजा काढला आणि अंगठा उन्हात तिरका धरला. बारीक बारीक रेषा आलेल्या, नव्या. मी नुकतीच पाडलेली वीट ओली होती, तिच्यावर तिनं अंगठा दाबून उचलला. सगळ्या रेषा उमटल्या, वळणासकट. सासूबाईंनी ती वीट रांगेतून उचलली आणि खोपीत देवापाशी ठेवली. 'ही भट्टीत नाही जायची,' म्हणाल्या.

तपासणीलाही मीच गेले. मोठं ऑफिस, गार खोली. साहेब चष्मा कपाळावर चढवून बसलेले. मॅडमचे सगळे कागद त्यांनी बघितले, एकातही खोट निघाली नाही. मग मशीन पुढं केलं.

मॅडमनं अंगठा ठेवला. लगेच हिरवा दिवा. तिनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, सुटलो.

'हा छोट्या परीक्षेशी जुळला,' साहेब म्हणाले. 'परत ठेवा, आता मोठीशी.'

लाल.

त्यांनी कापसावर स्पिरिट घेऊन तिचा अंगठा पुसायला लावला. लाल. स्वतः उठून आले, तिचं बोट धरून ठेवलं. लाल.

'मोठ्या परीक्षेला कोण बसलं होतं?' त्यांनी विचारलं.

'मीच, सर.'

'असं सगळेच म्हणतात. पहिलीला स्वतः यायचं, दुसरीला हुशार कुणीतरी बसवायचं. आम्हाला रोजचं आहे.'

'सही बघा, सर. फोटो बघा.'

'बघितलं. अंगठा काय म्हणतो ते सांगा.'

'त्या दिवशी माझे हात खराब होते. मी विटा पाडत होते.'

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि तिचे हात बघितले. तेल लावलेले, मोज्यांत ठेवलेले, आम्ही सगळ्यांनी मिळून जपलेले.

'या हातांनी?' ते म्हणाले.

 मला राहवलं नाही. मी पुढं होऊन माझे दोन्ही हात टेबलावर उपडे टाकले, मग उलटे केले. 'असे होते, साहेब. हे बघा, अगदी असे.'

'तुम्ही कोण?'

'वहिनी तिची.'

'म्हणजे त्या दिवशी तुम्ही बसला होता?'

'मी?' मी म्हटलं. 'साहेब, मला दशांश येत नाहीत.'

खोलीतले एक-दोघं हसले. साहेब हसले नाहीत. ते काही वाईट बोलले नाहीत, आवाजही चढवला नाही. 'मशीन नाही म्हणतंय तर मी हो कसं म्हणू?' म्हणाले. 'वर पाठवतो. कळवतील.' मॅडमनं कागद गोळा केले. एक खाली पडला, तो साहेबांनीच उचलून दिला.

काही दिवसांनी कळवलं. मोबाइल खुंटीवरच्या पिशवीत वाजला. आम्ही दुपारचं जेवत होतो. मॅडमनं उभ्यानंच मोठ्यानं वाचलं. अंगठा जुळत नाही, उमेदवारी रद्द, याविषयी पुढं पत्रव्यवहार करू नये. ताट तसंच ठेवून ती दारात जाऊन उभी राहिली.

'परत देता येईल की,' हे म्हणाले. त्यांनाही माहीत होतं.

'वय संपलं, दादा.'

 मग ह्यांनी भलताच प्रश्न विचारला. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. 'पण मला एक सांग, चिखलात तर आम्हीही हात घालतो. माझा अंगठा घेतात की सगळीकडं. तुझाच त्या दिवशी एवढा कोरा कसा झाला?'

मॅडम बाहेर बघत राहिली. मी ताटात बघत राहिले. सासूबाईंचा हात तोंडाशी थांबला.

त्यांनी घास ताटात ठेवला. धुण्याच्या दगडाकडं बघितलं, तिथं खंगर पडलेला होता. मग मॅडमच्या पाठीकडं बघितलं.  विचारण्यासारखं उरलंच नव्हतं. हात धुतले, बाहेर गेल्या आणि दगडापाशी जाऊन बसल्या. आम्ही साच्यांकडं परत जायला निघालो तेव्हा त्यांनी मॅडमला हाक मारली.

'इकडं ये गं.'

बादलीत गरम पाणी काढलेलं होतं. हातात खंगर.

'त्यांना त्या दिवशीचा अंगठा पाहिजे ना?' सासूबाई म्हणाल्या. 'मी देते करून. उद्या जाऊन दाखव त्यांना.'

'आई, राहू दे,' हे म्हणाले. 'आता काही—'

'तू गप रे.'

मला वाटलं मॅडम ओरडेल. ओरडली असती तरी मी तिला काही म्हटलं नसतं. ती आली, आईसमोर उकिडवी बसली आणि उजवा हात पुढं केला. सासूबाईंनी तो पाण्यात भिजवला आणि घासायला लागल्या. नव्या रेषा, अजून कोवळ्या, फार वेळ लागला नाही. मॅडम हुं की चूं करत नव्हती. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी चाललेलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. मी जवळ जाऊन माझ्या बाहीनं पुसलं.

मग त्यांनी बाजूच्या ढिगातून ओल्या चिखलाचा गोळा घेतला, तळहातावर थापून सपाट केला आणि मॅडमचा अंगठा त्यावर दाबून उचलला. नुसता खळगा पडला. एक रेघ नाही.

'असाच होता ना त्या दिवशी?' त्यांनी विचारलं.

मॅडमनं नीट वाकून बघितलं.

'असाच होता, आई,' ती म्हणाली.